नाना, तुमचा पाय अजून कोठीत आहे

हवालदार दौलत नाना, चोपड्याकडचे. नाव आधी लिहितो, काय झालं ते मागाहून. तुम्हीच तसं शिकवलंत. "भलं करनारनं नाव पहिले लिख. आपलं रडगानं मंग." अर्ज असो, चिठ्ठी असो, तुमचा हा एकच नियम. म्हणून नाना, या कागदावर पहिलं नाव तुमचं आहे. आणि झालं ते एवढंच, की चैत्र लागला आणि तुम्ही गेलात. मी इथं धुळ्यात, पांझरेकाठच्या या बराकीत, तुमच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसलो आहे.

हे पत्र टाकायचं कुठं ते मला माहीत नाही. पण बोलायचं राहून गेलं आहे आणि ते पोटात ठेवून झोप लागत नाही.

मी इथं पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो का? पुण्याच्या इस्पितळातून सुटलो, चाळीसगावला गाडी बदलली, आणि अंगरख्याची डावी बाही खांद्याला टाचणीनं अडकवून या दारात उभा राहिलो. माझं गाव दापोलीच्या खाली समुद्राकडे. इथं ना समुद्र, ना भात, ना ओळखीचं माणूस. लोक बराकीला लंगड्यांची बराक म्हणत होते आणि मला वाटलं, लंगड्यांत थोट्याला जागा मिळेल का?

पडवीत टेबल टाकून कचेरीतले भाऊसाहेब बसले होते. त्यांनी वही पुढं सरकवली.

"डावा अंगठा लाव."

"साहेब, डावा हात बसऱ्याच्या लढाईत राहिला."

"मग भरतीच्या कागदावर हा ठसा कुणाचा?"

"माझाच. तेव्हा होता."

"सही येते?"

"येते थोडी."

"सही येते तर कागदावर निरक्षर कसं? निरक्षर सखाराम तो वेगळा. त्याचा अंगठा घेऊन ये, मग बघू."

काय सांगणार होतो मी? वडील गेले तेव्हा तिसरीतून शाळा सुटली. नाव लिहिता येत होतं, पण वाकडं. भरतीच्या दिवशी माझ्यापुढचे सगळे अंगठा लावत होते. मागं उभे असलेले माझ्या अक्षराला हसतील म्हणून मीही मुकाट्यानं अंगठा पुढं केला. एवढीशी लाज. ती अशी फिरून माझ्या दारात येऊन उभी राहील हे कुणाला ठाऊक होतं? भाऊसाहेबांनी वही मिटली. माझ्या खिशात परतीचं भाडंही नव्हतं आणि परतून जायला तोंडही नव्हतं.

तेवढ्यात पडवीच्या टोकाला कुणीतरी लाकडी पायाला तेल लावत बसलं होतं, तिथून आवाज आला.

"भाऊसाहेब, हाऊ तोच शे. मी वळखस याले."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "शपथेवर सांगता, हवालदार?"

"लिखी ल्या."

त्यांनी वहीत लिहिलं, ओळख पटवणार हवालदार दौलत. मला खाट मिळाली, कांबळं मिळालं, पितळी ताट मिळालं. मागाहून मी तुमच्याजवळ जाऊन विचारलं, "नाना, तुम्ही मला कुठं पाहिलं होतंत?"

तुम्ही तेलाचा बोळा खाली ठेवला. "बसराना दवाखानामा बठ्ठासले देखेल शे मी. त्यामा तू व्हशीच." तिथल्या सगळ्यांना पाहिलंय, त्यात मीही असणारच, एवढाच तुमचा हिशेब.

त्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी तुमच्या मागं एक काम लागलं. फंडातून मिळणारं सामान आणि हातखर्च घ्यायला आम्ही सगळे कचेरीत जायचो. बाकीचे सही किंवा अंगठा करून मोकळे व्हायचे. माझं नाव आलं की भाऊसाहेब वर न बघता म्हणायचे, "ओळखणारा?" आणि तुम्ही पायाचा टक्‌टक् आवाज करत टेबलाशी यायचात. "हाऊ तोच शे." किती वर्षं, नाना? पहिले भाऊसाहेब पेन्शनीत गेले, दुसरे बदलून गेले, तिसरे आले. तुमचे केस पांढरे झाले. पण पावसात, उन्हात, पायाची पट्टी मांडीला घासून रक्त आलेलं असतानाही, तुम्ही दर तिमाहीला बराकीपासून कचेरीपर्यंत चालत येऊन सांगितलंत की मी मीच आहे. माणसाला आयुष्यात इतक्या वेळा असं कोण सांगतं?

आपण दोघं मिळून तीन हात आणि तीन पाय होतो. तुम्ही माझ्या धोतराची गाठ मारायचात, मी तुमचं पाणी भरायचो. भाकरी तुम्ही मोडायचात, ताट मी उचलून आणायचो. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं की तुम्ही शिवायचात आणि दोरा दातानं तोडताना म्हणायचात, "बायको करी लेती ते बरं व्हतं, मना दात वाचता."

आणि तो नमस्काराचा किस्सा. मी ज्याच्या त्याच्यापुढं वाकायचो. भाऊसाहेब, शिपाई, सरपण टाकणारा गाडीवान, सगळ्यांना उजवा हात छातीशी धरून मान तुकवायचो. एकदा तुम्ही भर कचेरीत मला थांबवलंत.

"सख्या, हात किती तुले?"

"एक."

"एक हातना नमस्कार व्हस का? नई. एक हातना सलाम व्हस. सलाम ठोक आनि उभा राय."

सगळे हसले. मीही हसलो. पण तुम्ही हसला नव्हतात, हे मला आत्ता लिहिताना दिसतं आहे.

त्याच हिवाळ्यात नवी कांबळी आली. मी ते कांबळं कपाळाला लावलं आणि म्हणालो, "सरकार मायबाप." तुम्ही इतके चिडलात की लाकडी पाय जमिनीवर आपटलात.

"माय तुनी दापोलीकडे शे. बाप मरी गया. हाऊ फंड शे, फंड."

मग तुम्ही मला सगळं समजावून सांगितलंत. लढाई चालू असताना खानदेशातल्या शेतकऱ्यांनी बाजारात कापसाची गाडी उतरवताना थोडं थोडं बाजूला काढलं होतं. पेढीवाल्या मारवाड्यांनी घातलं, बायकांनी हातातलं चांदीचं काढून दिलं. परत येणाऱ्या लुळ्यापांगळ्यांसाठी. ते सगळं ठेव म्हणून सरकारच्या हवाली केलं, का तर सरकार नीट सांभाळेल. व्याजावर आमचं जेवण, औषध, तुमचा पाय. "खळामा राखनदार ऱ्हास," तुम्ही म्हणालात. "राखनदारले राम राम करना. पाय नई पडना. धान्य त्याना बापनं नई."

मला ते पटलं पण माझी मान काही सरळ झाली नाही. भीती गेली नाही. बाहेर कुणी कागद फडफडवत आला की मला वाटायचं, मला काढायला आला. तुम्ही माझी थट्टा करायचात, पण ती भीती तुम्ही नीट ओळखून होतात. किती नीट, ते मला आता कळलं.

आपलं एक भांडण कधी मिटलं नाही. घरी पत्र लिहायचं. मी परत आल्यापासून घरी एक ओळ पाठवली नव्हती. हात गेल्याचं कसं कळवायचं? दादाच्या डोक्यावर एक खाणारं तोंड वाढवायला कसं जायचं? कोकणातली शेतं उतरणीवरची, तिथं दोन हातांनीच पुरत नाही. तुम्ही म्हणायचात, "तुना हात गया, बोट शेतस ना पाच? लिख. मायले लिख." मी म्हणायचो, उद्या. तुम्ही म्हणायचात, तुझा उद्या म्हातारा झाला. मग मी रागानं नदीवर निघून जायचो. हे भांडण इतक्या वेळा झालं की शेवटी आपण ते नुसत्या मानेनं करायचो. तुम्ही कागदाकडे बघायचात, मी खिडकीकडे.

आता वामनचं लिहितो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे.

वामन तुमचा पुतण्या. गेली काही वर्षं दर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास तो चोपड्याकडून मोटारीनं यायचा, धडप्यात बांधलेले खापरावरचे मांडे आणि हिरवी केळी घेऊन. फाटकाशी लिंबाखाली तुम्ही दोघं हळू आवाजात बोलत बसायचात. मग तो खाली मान घालून परत जायचा आणि तुम्ही मांडे आम्हाला वाटायचात. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पुतण्या काकाकडे पैसे मागायला येतो आणि काका देत नाही. एकदा बोलूनही दाखवलं, "नाना, मांडे देऊन फंडाचे पैसे काढायला बघतो काय तुमचा वामन?" तुम्ही नुसतं मांड्याचं पान माझ्या ताटात वाढलंत. "खाय. गरम नई शे, पन गोड शे."

या सगळ्या वर्षांत आपल्यातले एकेक जण जात होते. आलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खाटा भरलेल्या होत्या. मग एक खाट भिंतीला उभी झाली, मग दुसरी. मी मोजल्या नाहीत. मला मोजायची भीती वाटायची. तुम्ही मात्र मोजत होतात. सहा महिन्यांतून एकदा फंडाच्या कमिटीची बैठक असायची, आणि आमच्या वतीनं बिल्ले लावून तुम्ही दाराशी उभे राहायचात. परत आलात की मी धावत विचारायचो, "काय झालं?" तुम्ही पट्टे सोडता सोडता म्हणायचात, "बठ्ठं बरं शे." प्रत्येक वेळी तेच, सगळं बरं आहे. बठ्ठं बरं शे.

मागल्या हिवाळ्यात एकनाथ आला. रावेरकडचा, पंचविशीतला, ब्रह्मदेशच्या लढाईत दोन्ही डोळे गेलेला. त्याची खबर तुम्हाला वामनकडून लागली होती. भावाच्या ओसरीवर पडून असतो, भावजय ताट सरकवते ते हातानं चाचपून शोधतो, एवढं ऐकून तुम्ही त्याच्यासाठी अर्ज लिहवून घेतलात, कमिटीपुढं दोनदा उभे राहिलात, आणि त्याला आणवलंत. तो आला त्या दिवशी तुम्ही इतके खुशीत होतात की मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. तुम्ही त्याला बराकीचे खांब मोजायला शिकवायचात, विहिरीपर्यंत पावलं किती ते पाठ करून घ्यायचात, आणि मी कोपऱ्यात बसून एका हातानं शेंगा फोडायचो. मला वाटलं, नानांना आता नवा सख्या मिळाला.

आणि शिमगा झाल्यावर एका दुपारी तुम्ही सहज म्हणालात, "औंदा आखाजीले मी घर जासू. वामन लेवाले येनार शे. कायमना."

नाना, त्यावर मी जे बोललो ते इथं लिहायलाच पाहिजे. मी म्हणालो, "घर होतं? इतकी वर्षं घर होतं, पुतण्या होता, आणि तुम्ही इथं फंडाची भाकरी मोडत पडलात? ज्याला कुणी नाही त्याची खाट अडवून? लाज नाही वाटली? आणि आता माझं म्हातारपण आलं तेव्हा घर आठवलं?"

एकनाथ जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं चिडाल, पाय आपटाल. तुम्ही नुसते उठलात आणि आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलात.

तीन दिवस आपण बोललो नाही. माझ्या धोतराची गाठ मी दातानं ओढून मारली. तुमच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला, पण हातात दिला नाही. चौथ्या दिवशी तुम्ही हाक मारलीत, "सख्या, बठ. तुले एक सांगनं शे." मी म्हणालो, "पाणी भरायचंय," आणि निघून गेलो. पाणी भरलेलंच होतं. विहिरीच्या काठावर नुसता बसून राहिलो. परत आलो तेव्हा तुम्हाला ताप भरला होता. मग तुम्ही बोललात ते सगळं तुमच्या मायशी, तुमच्या शेताशी, बसऱ्याच्या कुठल्या तरी डॉक्टराशी. माझ्याशी नाही. पाचव्या दिवशी तेही थांबलं.

तुमचा पाय मीच सोडला. चार पट्टे, चार बक्कलं, एका हातानं. कचेरीच्या शिपायानं आल्या आल्या सांगितलं होतं, "पाय फंडाचा आहे, आतल्या बाजूला नंबर आहे. कोठीत जमा करायचा." तुम्ही नेहमी म्हणायचात, वरचा माणूस माझा, खालचा फंडाचा. आम्ही हसायचो. पांझरेच्या काठावर तुम्हाला ठेवलं तेव्हा पांढरं कापड एका बाजूला एकदम खाली बसलं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तार मिळून वामन तिसऱ्या दिवशी आला. अस्थी मडक्यात घातल्या आणि मला विचारलं, "काकाचा पाय कुठं? अस्थींबरोबर घरी नेतो." मी कोठीकडे बोट दाखवलं. तो भाऊसाहेबांकडे जाऊन आला, हात हलवत. मग लिंबाखाली बसला, जिथं तुम्ही दोघं बसायचात. मी जवळ गेलो. मनात म्हणालो, आता तरी खरं कळू दे.

"वामनभाऊ, रागावू नका. नाना घरी का येत नव्हते?"

"मले काय माहीत?" तो म्हणाला. "चार आखाज्या झाल्या मी न्यायला येतोय. मोटारीत जागा धरून यायचो. मी कमावता झालो तशी खोली बांधली, उंबरठा काढून टाकला, पाय अडखळायला नको म्हणून. दर वेळी एकच. पुढली आखाजीले देखू. औंदा पहिल्यांदा हो म्हणाले."

पैसे मागायला येत नव्हता तो, नाना. तुम्हाला मागायला येत होता.

आणि त्याच दुपारी भाऊसाहेब हजेरीची वही घेऊन बराकीत आले. तुमच्या नावावर रेघ मारली, बोटानं खाली मोजत गेले आणि म्हणाले, "सहा. बरोबर सहा. वाचलात."

"कसले सहा?"

त्यांना नवल वाटलं. "हवालदारांनी सांगितलं नाही? चार वर्षांपूर्वीच कमिटीनं ठराव केलाय. सहाच्या खाली नावं गेली की बराक बंद. उरलेल्यांना महिन्याची रक्कम लावून ज्याच्या त्याच्या गावी धाडायचं. तेव्हा सहाच उरले होते, हवालदार धरून."

मी खाटेचा दांडा धरला. चार वर्षं. चार आखाज्या.

तुम्ही सहावे होतात. तुम्ही गेला असतात तर पाच, आणि पाच झाले की मी दापोलीच्या वाटेवर, एका हातात ट्रंक घेऊन, ज्या घराला मी जिवंत आहे हेही ठाऊक नाही तिकडे. म्हणून तुम्ही तुमच्यासाठी बांधलेली खोली सोडून इथल्या पत्र्याखाली राहिलात. एकनाथला शोधून आणलंत, त्याला खाट मिळावी म्हणून, आणि तुमची खाट सुटावी म्हणून. सातवा आला तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, औंदा जासू. आणि मी तुम्हाला विचारलं, लाज नाही वाटली?

हेच सांगायचं होतं ना, "बठ" म्हणालात तेव्हा? की हेही सांगणार नव्हतात, आणि नुसतं म्हणणार होतात, "सख्या, पानी दे"? मला आता कधी कळणार नाही. मला ठराव सांगितला असतात तर मी चार वर्षं झोपलो नसतो, म्हणून तुम्ही "बठ्ठं बरं शे" म्हणत राहिलात. माझी झोप तुम्ही सांभाळलीत, नाना. राखणदारासारखी.

त्या रागात, त्या रडण्यात मी एक काम केलं. घरी पत्र लिहिलं. तिसरी शिकलेल्याच्या अक्षरात, सव्वीस-सत्तावीस वर्षं उशिरा. हात गेल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं. नाही, दुसऱ्या. पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहिलं.

उत्तर आलं. दादानं गुरुजींकडून लिहवून घेतलं होतं. आई अकरा वर्षांपूर्वी गेली. तोवर ती टपालवाला आला की अंगणात यायची. दादानं शेवटी लिहिलं होतं, "हात नसला तर नसू दे. गुरं राखायला हात लागत नाही. ये."

तुमचं बरोबर होतं. भांडण तुम्ही जिंकलंत. पण तेव्हा आई अकरा वर्षांची जुनी झाली होती आणि तुम्ही तीन आठवड्यांचे, आणि जिंकलात हे सांगायला कुणीच नाही.

मी ट्रंक ओढली. त्यात दोन सदरे घातले. कडीचा आवाज एकनाथला ऐकू गेला.

"सखाभाऊ, कुठं?"

"कुठं नाही. झाडतोय."

"ट्रंक झाडता?" तो हसला, पण लगेच उठून बसला. "खरं सांगा. जाऊन राह्यले का? नाना गेले, तुम्ही गेले, म्हणजे मी परत ओसरीवर."

त्याला ठराव माहीत होता. भाऊसाहेब बोलले तेव्हा तो तिथंच होता, आणि आंधळ्याचे कान आपल्यासारखे नसतात. तो दोन्ही हातांनी खाटेची दोरी धरून बसला होता. मी पण असाच दांडा धरला होता. ट्रंकेतले सदरे काढून मी पुन्हा खुंटीला लावले, मुद्दाम आवाज करत, त्याला ऐकू जावा म्हणून. दादाला लिहिलं, आईची गादी असेल तर ठेव, मी येणार आहे, पण आत्ता नाही. पुढच्या आखाजीला बघू.

लिहून झाल्यावर ती ओळ पुन्हा वाचली आणि मला कळेना की ती मी लिहिली की तुम्ही.

मधे तिमाही आली. कचेरीत नाव पुकारलं. "सखाराम. ओळखणारा?" मी सवयीनं मागं वळून बघितलं. टक्‌टक् आली नाही. मग एकनाथ काठी आपटत पुढं आला.

"मी ओळखतो."

"अरे, तुला दिसत नाही. तू काय ओळखणार?"

"साहेब, हा माणूस पहाटेपासून खोकतो, कोंबडा आरवायच्या आधी. मले झोपू देत नाही. आता खोकायला सांगा. तसा खोकला दुसऱ्या कुणाचा असला तर माझं नाव काटा."

सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, आणि लिहून घेतलं. मी सलाम ठोकला. उभा राहून. तुम्ही बघायला हवं होतंत. पण बाहेर पडल्यावर रस्त्यात एकनाथ म्हणाला, "सखाभाऊ, तुम्ही इतकं हळू का चालता? मी आंधळा असून पुढं जातो." इतकी वर्षं तुमच्या पायाच्या चालीनं चालत आलो, पाऊल लांब टाकायचंच विसरलो आहे.

आखाजी होऊन आठ दिवस झाले. वामननं मोटारवाल्याबरोबर मांडे पाठवले होते, सहा माणसांचे. तुमच्या घरी झोके बांधले होते, पोरी माहेरी आल्या होत्या, आणि उंबरठा काढलेली खोली तशीच मोकळी आहे, असा निरोप होता. मांडे मी वाटले. गरम नव्हते.

आता एकच सांगायचं राहिलं. तुमचा पाय अजून कोठीत आहे, खिळ्याला टांगलेला, दोन फुटक्या कंदिलांच्या मधे. मी कोठी झाडायला जातो तेव्हा पट्ट्यांना तेल लावतो. भाऊसाहेब म्हणतात, फंडाची वस्तू कमिटीशिवाय देता येत नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, ठेव आहे, तशी कशी देणार? म्हणून मी अर्ज केला आहे. अंगठा नाही, सही केली, वाकडी ती वाकडी. पहिली ओळ, हवालदार दौलत नाना, चोपड्याकडचे. कमिटी बसेल तेव्हा आपल्या वतीनं दाराशी कुणी तरी उभं राहायला हवं, ते मी राहणार आहे. भीती अजून गेलेली नाही. पण मी जाईन. नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीला परत जाईन. मला आता वेळ आहे, सहांतला एक आहे मी, कुठं जाणार?

कधी तरी देतील, नाना. त्या वर्षीच्या आखाजीला मी एका दिवसाची रजा काढीन. तुमचा पाय काखेत धरून मोटारीत बसेन, तापी ओलांडीन, आणि तुमच्या गावात, तुमच्या घरी, तो त्या खोलीत नेऊन ठेवीन. उंबरठा नाही, त्यामुळं अडखळणार नाही. घरातल्या नव्या पोरांनी विचारलं, हे कुणाचं आहे, तर मी तुमच्यासारखाच सांगेन, शपथेवर, भर ओसरीत, मान वर करून.

हाऊ तोच शे. मी वळखस याले.